खगोल घे, सोपं असतं!

कॉलेजच्या प्रवेश अर्जात हल्ली ‘ओपन इलेक्टिव्ह’ नावाचा एक रकाना असतो. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर तो आला. आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय घ्यायचाच, असा दंडक आहे. बी.कॉम.वाल्याने खतावणीतून डोकं वर काढून थोडं विज्ञान बघावं, बी.एस्सी.वाल्याने थोडं साहित्य चाखावं, असा त्यामागचा विचार. धोरण आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सर्वांगीण विकास असतो आणि अर्ज भरणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो, यातलं सगळ्यात सोपं काय? तो हा प्रश्न कॅन्टीनमध्ये एस.वाय.च्या कुणातरी दादाला विचारतो. दादा कटिंगचा घोट घेतो आणि निकाल देतो, “खगोल घे. सोपं असतं. चंद्र, सूर्य, तारे. गणित नाही.”

या सल्ल्यात चंद्र, सूर्य आणि तारे एवढंच खरं असतं.

हा समज काही फक्त पुण्या-मुंबईचा नाही. अमेरिकेत त्याची मोठी परंपरा आहे. तिथल्या विद्यापीठांत इतिहास, नाटक, मार्केटिंग असं काहीही शिकणाऱ्या मुलांना विज्ञानाचा एखादा तरी कोर्स करावा लागतो, आणि रसायनशाळेतल्या वासापेक्षा तारे बरे म्हणून मुलं ‘ॲस्ट्रो १०१’च्या वर्गात गर्दी करतात. भूशास्त्राच्या अशाच कोर्सला तिथे ‘रॉक्स फॉर जॉक्स’ म्हणतात. दगड खेळाडूंच्या वाट्याला, तारे उरलेल्यांच्या. १९८७ मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात काही मंडळी कॅमेरा घेऊन शिरली. अंगात झगा, डोक्यावर चौकोनी टोपी अशा थाटात उभे असलेले नवे पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक यांना त्यांनी शाळेतलेच प्रश्न विचारले. उन्हाळा-हिवाळा का होतो? चंद्राच्या कला कशामुळे दिसतात? २३ पैकी २१ जणांचं काहीतरी चुकलं. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा होतो, असं त्या विद्वानांनी इतक्या खात्रीने सांगितलं, की ऐकणाऱ्याला पृथ्वीचीच शंका यावी. ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या नावाचा तो माहितीपट पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणात खूप वापरला गेला.

आपला एफ.वाय.चा विद्यार्थी हार्वर्डला न जाताही तेच उत्तर लिहितो. मग मॅडम फळ्यावर आकडे मांडतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात लांब, सुमारे १५.२१ कोटी. म्हणजे आपण स्वेटर शोधतो तेव्हा सूर्य जवळ आणि छत्री शोधतो तेव्हा लांब. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. सूर्य कधी डोक्यावर येतो तर कधी दक्षिणेकडे कलतो, आणि दिवसही लहान-मोठा होतो. पुण्यात तो वर्षातून दोनदा भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. या दिवसाला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. मे महिन्यात मुलं सरळ उभी केलेली बाटली आणि पट्टी घेऊन गच्चीवर जातात आणि सावली नाहीशी होताना बघतात. जुलैत हा प्रयोग करायची गरज पडत नाही. तेव्हा पुण्यात कुणाचीच सावली नसते.

आणि नेमकं इथेच आपल्याकडचं खरं दुखणं आहे. बऱ्याच कॉलेजांत हा पेपर पहिल्या सत्रात येतो. पहिलं सत्र म्हणजे जून-जुलै ते दिवाळी. त्या चार महिन्यांत महाराष्ट्रात ज्या एका गोष्टीचं दर्शन दुर्लभ असतं, तिचाच हा विषय. समुद्राचा अभ्यासक्रम लातूरला ठेवावा, त्यातला हा प्रकार.

भारतीय पावसाळी ढगांनी खगोलवाल्यांची जिरवण्याची प्रथा तशी जुनी आहे. गिलोम ल जांतील हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७६० मध्ये शुक्राचं अधिक्रमण बघायला पाँडिचेरीकडे निघाला. तो वाटेत असतानाच इंग्रजांनी पाँडिचेरी जिंकून घेतलं, त्यामुळे १७६१चं अधिक्रमण त्याला हेलकावे खाणाऱ्या जहाजावरून बघावं लागलं. निरीक्षण अर्थातच फुकट गेलं. पुढचं अधिक्रमण आठ वर्षांनी होतं. एवढ्यासाठी परत कुठे जायचं, म्हणून गडी इकडेच थांबला. १७६९च्या जूनमध्ये पाँडिचेरीत तो दुर्बीण लावून सज्ज होता, आणि ऐन वेळी ढग आले. अधिक्रमण संपलं आणि ऊन पडलं. अकरा वर्षांनी तो फ्रान्सला पोहोचला, तेव्हा घरच्यांनी त्याला मृत धरून इस्टेटीच्या वाटण्या काढल्या होत्या आणि अकादमीतली त्याची जागाही दुसऱ्याला गेली होती. आपल्याकडच्या मुलांचं नुकसान त्या मानाने किरकोळ; फार तर इंटर्नलचे पाच मार्क जातात.

त्या पाच मार्कांसाठी आकाशदर्शनाची सहल ठरलेली असते. तारीख ठरते, वर्गणी जमते, वांगणीच्या बाजूला किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी एखादी जागा बघितली जाते, आणि दुपारी चार वाजता ग्रुपवर मेसेज पडतो, ‘टुडेज स्काय सेशन पोस्टपोन्ड ड्यू टू स्काय.’ ऑगस्टच्या मध्याला दरवर्षी वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘ययाती तारकासमूहातून उल्कावर्षाव’. त्या रात्री मुलं गच्चीवर चटया घेऊन जातात आणि वर्षाव अनुभवून ओल्या चटया घेऊन खाली येतात. मग वर्गात पडद्यावर स्टेलेरियम लावतात. ते उत्तम सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, आणि त्यात हवी ती रात्र काढता येते. मॅडम माउस फिरवतात, सप्तर्षी येतात, हंस येतो, अभिजित चमकतो. मुलं वहीत लिहितात, ‘निरीक्षण केले.’

उरलेला अभ्यास पुस्तकातून. तिथे गेल्यावर कळतं, की या विषयात सगळंच उलटं आहे.

आकाशाचा नकाशा उघडला की पूर्व डावीकडे. भूगोलात आयुष्यभर उजवीकडे असलेली पूर्व एकाएकी अशी कशी गेली, म्हणून मुलं छपाईची चूक धरतात. नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो, हे सांगितल्यावर अर्धा वर्ग वह्या डोक्यावर धरून बसतो आणि बाहेरून जाणाऱ्या प्राचार्यांना वाटतं की छत गळतंय. दुर्बिणीतून बघावं तर चित्र उलटं. रंगांचंही तसंच. बाथरूममध्ये लाल खुणेचा नळ गरम आणि निळ्या खुणेचा गार, हे लहान पोरालाही माहीत असतं. आकाशात लाल तारा थंड, निळा गरम. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी सुमारे ३,५०० केल्विनचा, आणि त्याच नक्षत्रातला निळसर राजन्य १२,००० केल्विनच्या आसपासचा. आकाशात प्लंबर कुणी नेमला, असा प्रश्न पडतो.

पण खरी मजा प्रतीत आहे. ताऱ्याची प्रत म्हणजे तो किती तेजस्वी दिसतो याचा आकडा. ही पद्धत ग्रीकांची, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. सगळ्यात ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. इथवर ठीक आहे, मेरिट लिस्टमध्येही पहिला नंबर मोठाच असतो. १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने या पद्धतीला गणिताची इस्त्री केली. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट फरक, म्हणून एका प्रतीचा फरक २.५१२ पट. इस्त्री झाल्यावर लक्षात आलं, की काही ज्योती पहिल्या नंबरात मावत नाहीत. मग शून्य आलं, आणि शून्याच्या खालीही जावं लागलं. व्याध उणे १.४६, पौर्णिमेचा चंद्र उणे १२.७ आणि सूर्य उणे २६.७. ध्रुवतारा बिचारा अधिक २. ताळेबंदात उणे दिसलं की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याला इथे उणे म्हणजे झगमगाट हे पचवावं लागतं. शिवाय सूत्रात लॉगॅरिदम, आणि त्याच्यामागे उणे अडीच. ‘गणित नाही’ असं सांगणारा दादा तोवर टी.वाय.ला गेलेला असतो आणि फोन उचलत नाही.

पॉग्सनबद्दल मनात फार राग ठेवू नये. तो १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचा प्रमुख म्हणून भारतात आला आणि पुढची ३० वर्षं, मरेपर्यंत, इथेच राहिला. आल्या आल्या त्याने एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोधलेला पहिला, म्हणून त्याचं नावच ‘एशिया’ ठेवलं. त्याच्या हाताखालच्या चिंतामणी रघुनाथाचार्यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधून काढला. म्हणजे ज्याच्या सूत्राने मुलांना केटी लागते, तो माणूस आपल्यापैकी अनेकांपेक्षा जास्त उन्हाळे भारतात, तेही पंख्याशिवाय, काढून गेला आहे.

ताऱ्यांचे वर्णपटावरून पाडलेले प्रकार हे पुढचं प्रकरण. अनुक्रम असा: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. केजीतलं पोरसुद्धा याहून बरी एबीसीडी म्हणतं. याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हार्वर्डच्या वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंगबाईंनी हायड्रोजनच्या रेषा किती ठळक दिसतात यावरून ताऱ्यांचे ए, बी, सी असे सरळ गट पाडले होते. मग ॲनी जंप कॅननबाई आल्या. त्यांनी बरीच अक्षरं काढून टाकली आणि उरलेली उलटीसुलटी लावली, पण नवी अक्षरं मात्र घेतली नाहीत. आपल्याकडे सरकारी फायलीत असंच होतं. हा क्रम म्हणजे मुळात तापमानाचा उतरता क्रम, हे नंतर नीट उलगडलं, आणि त्यामागचं गणित १९२० मध्ये मेघनाद साहांनी मांडलं. कॅननबाईंनी पुढे सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचं वर्गीकरण केलं. मुलांना सात अक्षरं लक्षात राहत नाहीत. त्यासाठी इंग्रजीत एक चुंबनाची विनवणी करणारं वाक्य पाठ करतात. ते मराठी वर्गात मोठ्याने म्हणायची पंचाईत. मराठीत ‘ओ बाई, असं फार गोड का मागता?’ एवढ्याने काम भागतं, आणि मधुमेहाचा इशाराही देऊन होतो.

हे सगळं ज्या आलेखावर मांडतात, त्या हर्ट्‌झस्प्रुंग-रसेल आलेखात तापमान डावीकडे वाढत जातं. का, ते विचारू नये. त्यावर कळतं, की धिप्पाड तारे लवकर मरतात आणि किरकोळ तारे टिकतात. सूर्याला साधारण १,००० कोटी वर्षांचं आयुष्य, पण त्याच्या २५ पट वस्तुमानाचा तारा एक कोटी वर्षांच्या आत संपतो. खगोलवाले हायड्रोजन आणि हीलियम सोडून सगळ्या मूलद्रव्यांना धातू म्हणतात, म्हणजे आपण श्वासातून धातू ओढतो. तरुण ताऱ्यांच्या पिढीला नंबर एक आणि म्हाताऱ्यांच्या पिढीला नंबर दोन. इथवर आल्यावर हुशार मुलांनी एक युक्ती काढलेली असते. बहुपर्यायी प्रश्नात जे मनाला पटेल ते सोडायचं आणि त्याच्या उलट असेल त्याला खूण करायची. या युक्तीने निम्मा पेपर सुटतो, असं म्हणतात.

ग्रहांचं प्रकरण तेवढं सोपं, असं वाटेपर्यंत शनी येतो. ‘शनीला किती चंद्र?’ हा प्रश्न घालणाऱ्या प्राध्यापकाने स्वतःच्या जबाबदारीवर घालावा. मार्च २०२५ मध्ये त्याच्या खात्यावर एकदम १२८ नव्या चंद्रांची नोंद झाली आणि बेरीज २७४ झाली. आप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या गाइडात हा आकडा साठच्या घरात असतो आणि प्लूटो अजून ग्रह असतो, जो २००६च्या ऑगस्टमध्ये प्राग इथे झालेल्या मतदानात पडला. पत्रिकेतल्या एका शनीने माणूस साडेसात वर्षं हैराण होतो म्हणतात. इथे शनी एक आणि वर पावणेतीनशे चंद्र.

पत्रिकेवरून आठवलं. या विषयाच्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त छळ सोसावा लागतो तो लग्नाकार्यात. “काय घेतलंयस? खगोल? अरे वा! मग आमच्या पिंकीचं यंदा जमेल का बघ.” तो बिचारा सांगतो, “काका, ते ज्योतिष. हे वेगळं.” काका म्हणतात, “ग्रह तेच ना?” ग्रह तेच, हे खरंच आहे. अशा काकांसाठी एक आकडा खिशात ठेवावा. डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका एकत्र करून प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. छापा-काटा केला असता तर ५० टक्के आली असती. हा निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. काकांना तो दाखवल्यावर ते म्हणतात, “ते सगळे भोंदू असतील. आमचे गुरुजी तसे नाहीत.”

घरातल्या सगळ्यांनाच असं हसून चालत नाही. पेपरच्या आदल्या रात्री नातू स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन येरझारा घालतो. प्रश्न असा, की पौर्णिमेनंतर चार दिवसांनी चंद्र किती वाजता उगवेल? पुस्तकात पृथ्वी, चंद्र, सूर्य आणि बाणांची अशी आकृती आहे, की बघणाऱ्यालाच ग्रहण लागावं. आजी भाकरी थापता थापता म्हणते, “नऊच्या पुढेमागे.”

“तुला कसं कळलं?”

“अरे, संकष्टीला काय मी सहालाच जेवते? पौर्णिमेला चंद्र दिवेलागणीला वर येतो. मग रोज पाऊण-एक तास उशीर. चतुर्थीला वाजतातच नऊ. भूक लागली की मिनिटं मोजता येतात.”

दारामागच्या कालनिर्णयावर संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदय मिनिटासकट छापलेला असतो. नातू तिथे जाऊन बघतो, तर नऊ वाजून काही मिनिटं. सरासरी पन्नास मिनिटांचा रोजचा उशीर, हे पुस्तकातलं वाक्य त्याला तेव्हा पहिल्यांदा समजतं. आजीला त्याच वेळी गणेश चतुर्थीची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसून लवकर मावळते हेही माहीत असतं, कारण ती बघायची नसते. न बघण्यासाठी आधी कुठे असते ते ठाऊक असावं लागतं. त्या दिवशी ढग असतात, तो भाग वेगळा.

आजी चुकते ती फक्त संक्रांतीला. तीळगूळ देताना ती म्हणते, “आजपासून उत्तरायण.” पेपरात असं लिहिलं तर भोपळा. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी, त्यामुळे संक्रांत आणि उत्तरायण यांच्यात साधारण ७२ वर्षांना एक दिवस या हिशेबाने अंतर पडत गेलं. सतराशे वर्षांपूर्वी आजीचं वाक्य बरोबर होतं. आसाच्या याच डुलण्याचा हिशेब मांडून लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ लिहिलं आणि वसंतसंपात मृग नक्षत्रात होता त्या काळापर्यंत वेदांचा काळ मागे नेला. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांना पटला नाही, पण गणिताला ते घाबरले नाहीत. त्यांनी ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणून हा विषय घेतला नव्हता, हेही एक कारण असेल.

पेपर संपतो तो दिवाळीच्या आगेमागे. मग सुट्टी लागते, ढग जातात आणि आकाश असं लख्ख उघडतं, की अभ्यासक्रमावर कुणीतरी सूड उगवतंय असं वाटावं. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुनेचा उल्कावर्षाव, ऑगस्टपेक्षा सरस. जानेवारीत संध्याकाळपासून पूर्वेला मृग, त्यात शेजारी शेजारी तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य, म्हणजे सगळा वर्णपटाचा धडा. फेब्रुवारीत दक्षिणेला व्याध आणि त्याच्या खाली अगस्त्य, रात्रीच्या आकाशातले सगळ्यात तेजस्वी दोन तारे एकाच वेळी. युरोपातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना घरून अगस्त्य दिसतच नाही. ध्रुवतारा पुण्याच्या क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या जवळजवळ दोन मुठींवर असतो आणि तोच पुण्याचा अक्षांश. प्रात्यक्षिक झालं, खर्च शून्य. आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीची दारं लोकांसाठी उघडतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही रेडिओ दुर्बीण ढगांतूनही आकाश बघते. आपल्या पहिल्या सत्राला साजेशी तेवढी एकच.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना हात जोडून एवढंच सांगणं आहे, की अभ्यासक्रम बदलू नका, पुस्तक बदलू नका, उणे अडीच लॉगही राहू द्या. फक्त हा पेपर पहिल्या सत्रातून उचलून दुसऱ्या सत्रात टाका.